लाट नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे

होळी तोंडावर आली की मौद्याच्या आसपास लाल रंग दोन ठिकाणी दिसतो. एक रानातल्या पळसावर आणि दुसरा मिरचीच्या सातऱ्यावर. सातरा म्हणजे वाळलेल्या मिरचीचे देठ खुडण्याची जागा. सकाळी डबा घेऊन बाया तिथे बसतात, त्या ऊन उतरेपर्यंत. डोक्यावर हिरवी जाळी किंवा टिनाचे छप्पर, पुढ्यात मिरचीचा ढीग, हवेत तिखट धूळ आणि मजुरी किलोवर. याच दिवसांत, फेब्रुवारी संपता संपता, भारतीय हवामान विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांच्या तापमानाचा अंदाज जाहीर करतो. ‘यंदाचा उन्हाळा सामान्यपेक्षा कडक’ अशी बातमी छापून येते आणि ‘हे तर दरवर्षीचेच’ असे म्हणत आपण पान उलटतो. सातऱ्यावरच्या बाईपर्यंत ती बातमी बहुधा पोहोचतही नाही.

वर्षभरातल्या आरोग्याच्या बातम्यांत ही फार उपयोगाची बातमी आहे आणि आपण तिचा जवळजवळ काहीच उपयोग करत नाही, असे माझे मत आहे. कारण आपण तिच्यात मे महिन्याचा आकडा शोधतो. पारा ४५ गाठेल की ४७, याची चर्चा पानठेल्यावर रंगते. खरे तर त्या अंदाजातून मार्चमधल्या कामाचे वेळापत्रक निघायला हवे.

आधी हा अंदाज म्हणजे काय ते पाहू. उन्हाळ्याच्या तापमानाचा हंगामी अंदाज देण्यास हवामान विभागाने २०१६ पासून सुरुवात केली. प्रशांत महासागराच्या पाण्याचे तापमान, जमिनीतला ओलावा, वातावरणाची स्थिती अशा गोष्टी संगणकीय प्रारूपात घालून पुढच्या तीन महिन्यांचा कल काढला जातो. तो ‘अमुक दिवशी इतके तापमान’ असे सांगत नाही. सामान्यपेक्षा जास्त, सामान्य आणि सामान्यपेक्षा कमी असे तीन कप्पे केलेले असतात. काहीच माहिती नसती तर प्रत्येक कप्प्याची शक्यता सारखी, म्हणजे सुमारे ३३ टक्के धरावी लागली असती. नकाशावर विदर्भ गडद रंगात दाखवला असेल आणि ‘सामान्यपेक्षा जास्त’ची शक्यता ५५-६० टक्के दिली असेल, तर फासे उन्हाच्या बाजूने झुकले आहेत एवढाच त्याचा अर्थ. एखादा एप्रिल ढगाळ गेला म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. पेरणीच्या वेळी शेतकरी मान्सूनच्या अशाच शक्यतांवर मोठा खर्च करतो. उन्हाळ्याच्या अंदाजावर मात्र आपण साधी कामाची वेळसुद्धा बदलत नाही.

फासे कोणत्या बाजूने झुकत आहेत हे गेल्या काही वर्षांनी दाखवले आहे. सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. लगेच २०२३ च्या फेब्रुवारीने फेब्रुवारीचा विक्रम मोडला. २०२४ हे देशासाठी १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. २०२५ चा फेब्रुवारी सरासरी तापमानात पुन्हा सर्वांत उष्ण निघाला. हे विक्रम मे महिन्याचे नाहीत, हे लक्षात घ्या. थंडी आणि उन्हाळा यांच्यामध्ये जो वसंत होता, तोच आकसत चालला आहे. स्वेटर पेटीत ठेवला की दुसऱ्याच आठवड्यात कूलरचे गवत बदलावे लागते, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे.

आपल्या भागाला हे जास्त जाणवते, त्याला कारण भूगोल आहे. मौदा, भंडारा, नागपूर हा पट्टा दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत आहे. किनाऱ्याला दुपारी समुद्राचा वारा मिळतो, आपल्याला मिळत नाही. उलट मार्चनंतर वायव्येकडून, राजस्थानच्या वाळवंटाकडून येणारी कोरडी हवा इथवर पोहोचते. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेकडे पसरलेले मैदान. चिखलदऱ्याला गारवा मिळतो तो उंचीमुळे. कन्हानकाठच्या मौद्याला तीही सोय नाही. २६ मेच्या सुमारास आपल्या अक्षांशावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. नवतपाचे दिवस तेच. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली, तीही याच दिवसांत.

आता मूळ मुद्दा. ‘उष्णतेची लाट’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, पण त्याची व्याख्या ठरलेली आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असले पाहिजे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त असले पाहिजे. किंवा ते थेट ४५ अंशांवर गेले पाहिजे. हा फरक ६.४ अंशांपेक्षा जास्त झाला किंवा पारा ४७ वर गेला की तीव्र लाट. शिवाय हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असे घडावे लागते.

ही व्याख्या देशभर तुलना करण्यासाठी ठीक आहे. पण ती मौद्याला लावून पाहा. नागपूर परिसरात मे महिन्यात सरासरी कमाल तापमानच ४२-४३ अंशांच्या आसपास असते. म्हणजे एखाद्या दिवशी ४४.५ अंश झाले, तरी फरक दोन अंशांचाच. व्याख्येप्रमाणे ही लाट नाही. मार्चमध्ये सरासरी ३६ ते ३७ अंशांच्या घरात. त्या महिन्याच्या मध्यात पारा ४० वर गेला, तरी फरक साडेचारपर्यंत पोहोचेलच असे नाही. तेव्हाही लाट नाही. कागदोपत्री दोन्ही दिवस साधे. पण टिनाखाली आठ तास बसणाऱ्या माणसाच्या शरीराला ही व्याख्या ठाऊक नसते. तापमान मोजले जाते ते सावलीतल्या, हवेशीर पेटीत. छपराखालची, वीटभट्टीजवळची, डांबरी रस्त्यावरची उष्णता त्या आकड्यात नसते.

महाराष्ट्राने याची किंमत मोजलेली आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला उघड्या मैदानावर भर दुपारी एक मोठा सरकारी कार्यक्रम झाला. त्यात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. जवळच्या केंद्रावर त्या दिवशी ३८ अंशांच्या आसपास तापमान होते. आपण ज्याला ‘बरे ऊन’ म्हणू असा तो आकडा. पण दमट हवा, डोक्यावर सावली नाही, तासन्‌तास बसणे आणि गर्दी, हे सगळे एकत्र आले.

दमटपणाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. शरीर थंड होते ते घाम सुकल्यामुळे. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हवा कोरडी असेल तर घाम झपाट्याने सुकतो, म्हणून आपल्याला घाम आल्याचे कळतही नाही आणि पाणी मात्र जात राहते. हवा दमट असेल तर घाम सुकतच नाही, नुसता ओघळतो. मे महिन्यातले ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता या हवेत ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवील. जूनमधल्या ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत तोच २९ दाखवील. म्हणजे पारा सहा अंशांनी उतरला, पण घामाने थंड होण्याची शरीराची सोय कमी झाली. आपला कूलर एप्रिलमध्ये गारेगार हवा देतो आणि मृगाच्या तोंडावर नुसता चिकचिकाट करतो, त्याचेही कारण हेच. विदर्भात एकाच उन्हाळ्यात असे दोन उन्हाळे असतात आणि दोघांचे धोके वेगळे.

पण मला जास्त काळजी वाटते ती मार्चची. माणसाचे शरीर उन्हाला सरावते, मात्र त्याला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, घामातून मीठ कमी जाते, कामाच्या वेळी हृदयाचे ठोके आटोक्यात राहतात. मे महिन्यातला मजूर हा असा सरावलेला असतो. मार्चमधला नसतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने उन्हात काम करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास निम्मे मृत्यू कामाच्या पहिल्याच दिवशी आणि ७० टक्क्यांहून जास्त पहिल्या आठवड्यात झालेले आढळले. म्हणून तिथे नव्या मजुराला पहिल्या दिवशी एकूण वेळेच्या २० टक्केच उन्हाचे काम द्यावे आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावे, असा सल्ला दिला जातो. आपल्याकडे नव्या मजुराकडून पहिल्याच दिवशी पूर्ण पाटीचे काम घेतले जाते. आजारातून उठलेला, लग्नासाठी आठ-पंधरा दिवस गावी जाऊन आलेला मजूरही या बाबतीत नवाच असतो.

दुसरी काळजी रात्रीची. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला तर ते सावरते. टिनाच्या किंवा स्लॅबच्या खोलीत रात्री एकपर्यंत भिंतीच गरम असतील, तर दुसऱ्या दिवशी माणूस थकलेल्या शरीराने कामाला उभा राहतो. हवामान विभाग ‘उष्ण रात्री’चाही इशारा देतो, पण बातमीत कमाल तापमानच येते. मौद्याच्या वीज केंद्राची क्षमता २३२० मेगावॅट आहे. पण ज्या घरात कूलर नाही किंवा कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला तिचा काय उपयोग? उष्माघात फक्त उन्हात होत नाही. घरात बसलेल्या वृद्धाला, लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला, तान्ह्या बाळाला तो खाटेवरही होतो. असा रुग्ण घरात असेल तर गोळ्यांच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना मार्चमध्येच विचारून घ्यावे. मनाने गोळी बंद करू नये.

आता यावर कोणी म्हणेल, विदर्भातली माणसे काटक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या हे ऊन सोसत आली आहेत. खरे आहे. पण ती नुसती सोसत नव्हती, वेळापत्रक बदलत होती. पहाटे नांगर, अकराला घरी, दुपारी मातीच्या घरात वामकुक्षी, चारनंतर पुन्हा शेत. आंबील, ताक, कैरीचे पन्हे आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा ही त्या वेळापत्रकाची जोड होती. आज आपण दुपट्टा ठेवला आणि वेळापत्रक सोडले. खिशात कांदा ठेवून भर दुपारी दुचाकीवर निघणारे अजून दिसतात. खिशातला कांदा काहीच करत नाही. पोटात गेलेले पाणी आणि मीठ काम करते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका’ ही सूचना ज्याला पगार आहे त्याच्यासाठी आहे. किलोवर मजुरी असेल, तर सावलीत बसलेला प्रत्येक तास मजुरीतून जातो. सातऱ्यावरची बाई पाणी कमी पिते, कारण लघवीला उठले की वेळ जातो आणि तिथे स्वच्छतागृहही नसते. तिला ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगून आपण आपले समाधान करून घेतो. म्हणून उन्हाचा प्रश्न हा सल्ल्याचा कमी आणि कामाच्या अटींचा जास्त आहे. काम कमी करा असे कोणी म्हणत नाही. काम सरकवा. सकाळी सहा ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर. दर तोच, ढीग तोच, फक्त दुपार मोकळी. टिनाखाली गवताचा किंवा धानाच्या तणसाचा थर, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि एक आडोसा, एवढा खर्च कोणत्याही ठेकेदाराला जड नाही.

हंगामी अंदाजाचा उपयोग इथेच आहे. सर्व काही ऐनवेळी ठरवता येत नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेत नेहमीपेक्षा १३४४ जास्त मृत्यू झाल्याचा हिशेब पुढे आला, तेव्हा त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. नागपूर महापालिकेनेही नंतर तो मार्ग धरला. पण असे आराखडे मुख्यतः शहरांचे असतात. उद्याने दुपारी उघडी ठेवणे, चौकात पाणपोई, रुग्णालयात शीतकक्ष हे त्यात असते. धानाच्या बांध्या, सातरे, वीटभट्ट्या आणि रोजगार हमीची कामे ही ज्या तालुक्याची ओळख, त्याचा आराखडा वेगळाच हवा.

तो कसा असावा? फेब्रुवारीअखेरचा अंदाज ‘सामान्यपेक्षा जास्त’ म्हणत असेल, तर १० मार्चच्या आत तहसील कार्यालयात एक बैठक व्हावी. तहसीलदार, नगर पंचायत, तालुका आरोग्य अधिकारी, कृषी अधिकारी, रोजगार सेवक, आशाताई आणि सातरा-भट्टीचे मालक अशी सगळी मंडळी त्यात असावीत. कामाच्या वेळा तिथेच ठराव्यात आणि १५ मार्चपासून लागू व्हाव्यात, लाट जाहीर होण्याची वाट न पाहता. शाळांचेही तसेच. २०२५ मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकाने एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत परीक्षा ठरल्या, तेव्हा विदर्भातून विरोधाचा सूर उमटला. तो हट्ट नव्हता. इथला एप्रिल पुण्याच्या एप्रिलसारखा नसतो, एवढेच म्हणणे होते.

हंगामी अंदाजानंतर पुढच्या पायऱ्या आहेतच. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कल देतो, रोज पाच दिवसांचा इशारा देतो आणि त्याला हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग असतात. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीसाठी सल्ला निघतो. उन्हाळी धान फुलोऱ्यात असताना दुपारी ३५ अंशांच्या वर उष्णता गेली की परागीभवन बिघडून लोंबीत दाणा भरत नाही. त्या दिवसांत बांधीत पाणी टिकवणे फायद्याचे ठरते. आणि याच वसंतात बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा कोरड्या हवेला भिडली की विदर्भावर वादळ आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट शेतकरी विसरलेला नाही. तो इशारा तीन महिने आधी मिळत नाही, एक-दोन दिवस आधीच मिळतो. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. कोणत्या अंदाजाला काय विचारायचे, हे कळले की अंदाजावरचा रागही कमी होतो.

मोजमापाचाही विचार हवा. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि आकडा देशभर फिरला. नंतर हवामान विभागाने यंत्रातला संवेदक बिघडल्याचे स्पष्ट केले. त्या एका आकड्यावर आपण आठवडाभर बोललो. त्याऐवजी ‘महावेध’ प्रकल्पाखाली राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत जी केंद्रे बसवली आहेत, त्यांचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर का लागू नये? आज ती प्रामुख्याने पीक विम्यासाठी वापरली जातात. कमाल तापमान, पहाटेचे किमान तापमान आणि आर्द्रता अशा तीन ओळी खडूने लिहायच्या आहेत. सोनेगावच्या विमानतळावरचा आकडा मौद्याचा आकडा नव्हे.

शेवटी, प्रत्येकाने पाठ करावी अशी एक गोष्ट. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिडा झाला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. घाम येत आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना इजा करत असते. तापाची गोळी इथे उपयोगी नाही. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर बादलीने पाणी ओता, ओले कापड लावून पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. मान, काखा, जांघा येथे बर्फ मिळाला तर ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करा, मग न्या. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्या, चक्कर येणाऱ्या माणसाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्या. हा चमचा चहाचा.

पाडव्याला गुढीला कडुनिंबाचा डहाळा बांधायची रीत आहे. ऋतू बदलतो आहे, शरीर सांभाळा, असे सांगणारीच ती रीत. यंदा त्या दिवसाच्या आधी आपापल्या सातऱ्यावर, भट्टीवर, शेतावर आणि शाळेत एकच प्रश्न विचारू या. दुपारी बारा ते चार इथे कोण असते आणि का? उत्तर ‘दुसरा उपाय नाही’ असे येईल, तर उपाय शोधायला अजून दोन महिने हातात आहेत. अंदाजाने ते दोन महिनेच दिले आहेत.